जुन्या २२ फुटी शिडाच्या बोटीला आउटबोर्डचं ब्रॅकेट बसवायचंय – सल्ला हवा

शिडाची_ओढ
नमस्कार मंडळी. १९७० च्या दशकातली फायबरग्लासची बोट घेतली आहे, वजन साधारण ११०० किलो. आधीचं ॲल्युमिनियमचं ब्रॅकेट (आउटबोर्ड, म्हणजे बोटीच्या मागे बाहेरून लावायची मोटर, जिच्यावर बसते ती चौकट) अजून लटकतंय, पण स्प्रिंगा गेल्यात, स्टीलच्या बोल्टांभोवती पांढरी भुकटी जमलीय आणि बोल्टांखाली ट्रान्समवर (बोटीच्या मागच्या सपाट भिंतीवर) तपकिरी ओघळ आहेत. मोटर अजून घेतलेली नाही. ४ ते ६ एचपीची फोर-स्ट्रोक डोक्यात आहे. धक्क्यावरून निघायला आणि वारा पडला तर परत यायला तेवढी पुरावी. ब्रॅकेट कुठलं घ्यावं? मोटरचा शाफ्ट (इंजिनापासून खाली पंख्यापर्यंतचा दांडा) लांब की आखूड? आणि जुनीच भोकं वापरली तर चालतील का? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावं.

खारावारा
ब्रॅकेटचं मागाहून बघू. ते तपकिरी ओघळ फार महत्त्वाचे आहेत. त्या काळातल्या बहुतेक बोटींच्या ट्रान्सममध्ये फायबरग्लासच्या दोन थरांमध्ये प्लायवूड किंवा बाल्सा (एक हलकं लाकूड) असतो. बोल्टाच्या भोकातून पाणी आत शिरलं की लाकूड आतल्या आत कुजतं आणि बाहेरून चकचकीतच दिसतं. ओघळ म्हणजे बहुधा त्या लाकडाचा रंग बाहेर येतोय.

प्लास्टिकच्या हातोडीने सगळा ट्रान्सम ठोकून बघा. धड असेल तिथे टणक, कोरडा आवाज येतो; कुजलेल्या जागी भद्द. पण आवाजावर थांबू नका. आतल्या बाजूने, जुन्या बोल्टांच्या खाली, ५ मिमीचं भोक फक्त आतला थर आणि लाकूड एवढंच पाडा. बाहेरचा थर फोडायचा नाही. भुसा फिकट आणि कोरडा निघाला तर उत्तम. पाणी खाली उतरतं, म्हणून तपासणी खालीच हवी. वरच्या भोकाने फसगत होते.

हे एवढं ताणून का सांगतोय, तर भार कसा पडतो ते बघा. मोटर मागे लटकते, म्हणजे ब्रॅकेटचा वरचा भाग ट्रान्समपासून ओढला जातो आणि खालचा आत रुततो. पंखा पुढे रेटायला लागला की तो खाली पाण्यात असल्यामुळे पुन्हा तेच: वरचे बोल्ट ताणात, खालची कड दाबात. रिव्हर्समध्ये उलटं. शिवाय लाटेवर बोट आपटते तेव्हा मोटरचं वजन कितीतरी पटीने जाणवतं. हे सगळं शेवटी त्या लाकडावर येतं.

वल्हेकरीण
खारावारांशी शंभर टक्के सहमत. शाफ्टचं मी लिहिते.

आखूड शाफ्ट १५ इंची, लांब २० इंची. त्याहून लांब २५ इंचीही मिळतो. बोट पाण्यात असताना, नेहमीची माणसं आणि सामान चढवून मोजा. ब्रॅकेट खाली सोडल्यावर मोटर जिथे चिमटते ती कड पाण्यापासून किती वर येते ते बघायचं. पंख्याच्या वरची आडवी पट्टी पाण्याखाली निदान १० सेंमी राहायला हवी. म्हणजे २० इंची शाफ्टला ती कड पाण्यापासून फार तर ४० सेंमी वर, १५ इंचीला २८. स्पीडबोटवाले ही पट्टी बोटीच्या तळाच्या पातळीला ठेवतात, ते शिडाच्या बोटीला लागू नाही. आपली बोट लाटेवर पुढेमागे झुलते, कोणी पुढे नांगर टाकायला गेलं की मागची बाजू उचलली जाते, पंखा हवेत फिरतो आणि मोटर किंचाळते. तेव्हा थंड पाणी ओढायचंही थांबतं. म्हणून लांब शाफ्टच घ्या. मात्र इतकंही खाली नको की मागून येणारी लाट इंजिनावर आदळेल.

ब्रॅकेट घेताना एचपीपेक्षा किलो बघा. जुनी ब्रॅकेटं हलक्या टू-स्ट्रोक मोटरींसाठी बनलेली. आजची ४-६ एचपीची फोर-स्ट्रोक पंचवीस किलोच्या आसपास जाते, त्या स्प्रिंगा ती उचलत नाहीत.

उधाणभरती
बसवण्याआधी पुठ्ठ्याचा साचा करून सुकाणू दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून बघा, पंखा घासता कामा नये. मोटर वर उचलून तिरकी केल्यावर शिडाचा दोर आणि मागची तार मोकळी राहते का तेही. ट्रान्सम तिरका असेल तर ब्रॅकेटखाली पाचर लागेल.

जुनी भोकं तशीच वापरू नका. आधी मोठी करून आतलं लाकूड थोडं कोरून काढा, घट्ट इपॉक्सीने (दोन भाग मिसळले की कडक होणारं रेझिन) भरा, वाळलं की त्यातूनच नवं भोक पाडा. मग बोल्टाभोवती लाकूड उरतच नाही, कोरडा इपॉक्सीचा कडा असतो. बाहेरच्या तोंडाला हलकी खोलगट कड करा म्हणजे सीलंट तिथे रिंगसारखं बसतं. ब्यूटिल टेप किंवा पॉलिसल्फाइड. सिलिकॉन नको, आणि कायमचं चिकटणारं पॉलियुरेथेनही नको. पुढे ब्रॅकेट काढायची वेळ आली तर जेलकोट (बोटीचा बाहेरचा चकचकीत थर) उपटून येतो. बोल्ट ३१६ दर्जाच्या स्टेनलेस स्टीलचे, आरपार, आत नायलॉक (थरथरून सैल न होणारे) नट. आतल्या बाजूला मोठी पट्टी: इपॉक्सी पाजलेलं १२ मिमी मरीन प्लाय किंवा जी-१० (काचतंतू आणि इपॉक्सीची तयार कडक पाटी). नुसत्या वॉशरवर भागवू नका.

शिडाची_ओढ
मनापासून धन्यवाद. आजच भोक पाडलं. उजवीकडच्या खालच्या बोल्टापाशी ड्रिलच्या खाचांत काळपट, ओला चोथा अडकून आला, बोटांनी चुरगळला तर पाणी सुटलं. वीतभर वर आणि डावीकडे मात्र भुसा कोरडा, पिवळसर. आता काय? ब्रॅकेट सरळ डावीकडे हलवलं तर?

खारावारा
नको. ओल आणि कुज लाकडात आतून पसरत राहते. जिथे कोरडं लागतं तिथपर्यंत भोकं पाडत जाऊन हद्द आखून घ्या, मग आतला थर तेवढाच कापून कुजलेलं सगळं काढा. आठवडाभर हवा खेळू द्या. नवं मरीन प्लाय घट्ट इपॉक्सीत बसवून वर फायबरग्लासचे थर द्या, ते आजूबाजूच्या धड भागावर नीट चढवा. उघडलेलं असतानाच आतली पट्टी बसवून टाका, नंतर हात पोचत नाही.

वल्हेकरीण
आणि दादा, मोटर चढवली की तिला बोटीच्या धड कड्याला वेगळा जाड दोर बांधा. चिमट्याचे स्क्रू थरथरून सैल पडतात, दर फेरीआधी हाताने आवळून बघायचेच.