सीएफएलचे (कॅनडियन फुटबॉल लीग) स्टँड ऑक्टोबरात रिकामे का? थंडी की वेळापत्रक?

टोरांटोकर:
ऑक्टोबर आला की कॅनडियन फुटबॉलच्या (अमेरिकन फुटबॉलसारखा खेळ) रिकाम्या स्टँडचं खापर थंडीवर फुटतं. मला ते मुळीच पटत नाही. टोरांटो अर्गोनॉट्स २०१५ पर्यंत रॉजर्स सेंटरमध्ये, बंद होणाऱ्या छपराखाली खेळायचे, तरी खुर्च्या रिकाम्याच. मॉन्ट्रियलचं नेमकं उलट. १९९७ मध्ये यू-टूच्या कार्यक्रमामुळे ऑलिंपिक स्टेडियम मिळालं नाही, म्हणून नोव्हेंबरातला प्लेऑफ (बाद फेरीचा) सामना मॅकगिल विद्यापीठाच्या उघड्या मोल्सन स्टेडियमवर न्यावा लागला. लोक इतके आले की १९९८ पासून संघाचं घरच तिथे झालं. छप्पर सोडलं आणि गर्दी वाढली! दोष वेळापत्रकाचा आहे. सॅस्काटूनहून रिजायनाला, म्हणजे सॅस्कॅचेवानच्या संघाच्या मैदानावर, गाडीने अडीच-पावणेतीन तास लागतात. शुक्रवारी रात्रीचा सामना ठेवला तर तो माणूस घरी कधी पोचणार?

प्रेअरीकर:
छोट्या, गच्च भरणाऱ्या मैदानाचा मुद्दा तुम्ही थंडीच्या खात्यात मांडताय. मोल्सन ऑलिंपिक स्टेडियमच्या निम्म्याहून लहान आहे, आणि तो प्लेऑफ होता. साधा साखळी सामना घ्या. उणे १० तापमान आणि ताशी ३० किमी वारा असला की अंगाला उणे २० जाणवतं. त्यात तीन तास एका जागी बसायचं. ॲल्युमिनियमचा बाक बुडाखालून ऊब ओढतो, काँक्रीट पायांतून. बाकावर फोमची गादी आणि पायांखाली जाड पुठ्ठा, एवढ्याने खूप फरक पडतो. पण बरेच जण मोज्यांचे दोन जोड कोंबतात. बूट आवळतो, रक्त खेळत नाही आणि पाय आणखी गार पडतात. मोठी माणसं सोसतील, सहा वर्षांचं पोर मध्यंतरालाच रडकुंडीला येतं आणि त्याच्याबरोबर चार जण उठतात. सीझन तिकीटवाल्यांच्या खुर्च्या विकलेल्या असतात, फक्त माणूस नसतो. म्हणून जाहीर झालेला आकडा आणि डोळ्यांना दिसणारी गर्दी जुळत नाही.

टोरांटोकर:
१९९१ ची ग्रे कप फायनल, म्हणजे लीगचा अंतिम सामना, विनिपेगमध्ये उणे १७ मध्ये झाली. ५१,९८५ प्रेक्षक होते.

प्रेअरीकर:
फायनल वर्षातून एकदाच असते. पंढरीच्या वारीची गर्दी दाखवून रोजच्या काकड आरतीला किती जण येतात ते कळत नाही.

हॅमिल्टनकर:
तुम्ही दोघं एकाच गोष्टीची दोन टोकं धरून बसलाय. थंडी बदलता येत नाही, किकऑफची (सामना सुरू होण्याची) वेळ बदलता येते. नोव्हेंबरात विनिपेगला पाचच्या आत सूर्य मावळतो. दुपारी एकचा सामना आणि संध्याकाळी सातचा सामना यांत कित्येक अंशांचा फरक पडतो. मॉन्ट्रियलने थँक्सगिव्हिंगचा, ऑक्टोबरातल्या सुट्टीचा, सोमवार दुपारसाठी धरला, तो शहाणपणा आहे.

हंगाम जूनऐवजी मे महिन्यात सुरू करा म्हणणाऱ्यांनी एडमंटन पाहावं. २०२४ मध्ये तिथल्या ऑइलर्स या आइस हॉकी संघाची स्टॅन्ली कप फायनल २४ जूनपर्यंत चालली. त्या शहरात मे-जूनमध्ये फुटबॉल कोण बघणार? उन्हाळाही निर्धास्त नाही. जुलैत वीज चमकली की खेळ थांबतो, आणि शेवटच्या विजेनंतर अर्धा तास जाईपर्यंत सुरू होत नाही. प्रेअरीत, म्हणजे पश्चिमेकडच्या गवताळ मैदानी प्रांतांत, वणव्यांचा धूर वेगळाच.

प्रेअरीकर:
दुपारच्या वेळेला माझा पाठिंबा आहे. पण सामने दाखवणाऱ्या टीएसएन वाहिनीला सगळे सामने एकाच वेळी नको असतात. नऊ संघ, म्हणजे आठवड्याला जास्तीत जास्त चार सामने, आणि ते गुरुवार ते रविवार पसरवायचे. कुणाच्या तरी वाट्याला रात्र येणारच.

टोरांटोकर:
मग ती रात्र व्हँकूव्हरला द्या. बीसी प्लेस हे लीगमधलं एकमेव छप्पर असलेलं मैदान आहे. ऑक्टोबरच्या मध्यापासून उशिराचा सामना तिथे ठेवायचा आणि प्रेअरीच्या तीन प्रांतांतले घरचे सामने शनिवारी दुपारी. लेबर डेच्या (सप्टेंबरचा पहिला सोमवार) आदल्या रविवारी रिजायनात विनिपेगशी सामना असतो हे तिथे सगळ्यांना ठाऊक असतं. वेळापत्रक बघावंही लागत नाही. तशी एक पक्की तारीख ऑक्टोबरातही प्रत्येक संघाला मिळायला हवी.

हॅमिल्टनकर:
मान्य. फक्त अर्गोनॉट्सच्या आताच्या मैदानावर, बीएमओ फील्डवर, टोरांटो एफसी हा सॉकर संघही खेळतो, त्यामुळे तुमच्याच शहरात शनिवार मोकळा मिळणं सगळ्यात अवघड जाईल.