शाळेत लोहारकामाची गोडी लागली; दहावीनंतर कोणती वाट धरावी?

प्रश्न (पालक, सिडको, नाशिक):
माझी मुलगी नववीत असून तिने तांत्रिक विषय घेतला आहे. कार्यशाळेत भट्टीवर पोलाद तापवून छिन्नी घडवल्यापासून तिला याच कामाचा ध्यास लागला आहे. घरातील वडीलधाऱ्यांचे म्हणणे असे की, यंत्रांच्या काळात ऐरणीवरच्या कामाला कोण विचारतो? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर १ (निवृत्त पर्यवेक्षक, अंबड):
ताई, विचारणारे पुष्कळ आहेत. अनेक मोटारींचा क्रँकशाफ्ट, म्हणजे इंजिनातील फिरणारा मुख्य दांडा, आजही तापवून आणि दाबून घडवला जातो, कारण तशा घडणीत धातूच्या कणरेषा आकाराबरोबर वळतात आणि तो भाग अधिक ताण सोसतो. शिवाय छिन्नीला पाणी देताना मुलगी जे शिकली, ते फार मोलाचे आहे. लाल तापलेली धार पाण्यात बुडवली की पोलाद कठीण होते, पण ठिसूळही होते. म्हणून धार घासून चकचकीत करायची, मागच्या भागातील उष्णता पुढे सरकू द्यायची आणि सुमारे २३० अंशांना गवती पिवळा, मग तपकिरी, पुढे जांभळा रंग उमटताना पाहून योग्य क्षणी पुन्हा पाणी द्यायचे. कारखान्यातील हीट ट्रीटमेंट विभागात भट्टीवर तापमापक असतो, तत्त्व मात्र हेच. साध्या सळईत कार्बन कमी असल्याने तिला असे पाणी चढत नाही, हेही तिला स्वतः करून पाहू द्यावे.

उत्तर २ (आयटीआय निदेशक):
माझ्या मते तिने फिटर हा दोन वर्षांचा ट्रेड घ्यावा. वेल्डरचा अभ्यासक्रम एका वर्षाचा आहे, पण फिटरमध्ये मोजमाप, कानसकाम आणि जोडणी यांचा पाया पक्का होतो. त्यानंतर १९६१ च्या कायद्याखाली शिकाऊ उमेदवारी करता येते, किंवा पदविकेच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेता येतो.

उत्तर ३ (फॅब्रिकेशन व्यावसायिक, सिन्नर):
सरांचे म्हणणे योग्य आहे; तरी तिचा जीव घडवण्यातच रमत असेल, तर सुटीत एखाद्या जाळी-गेटच्या वर्कशॉपमध्ये तिला काम पाहू द्यावे, कारण नक्षीदार कामाला हात वळलेला कारागीर आम्हाला सहजासहजी मिळत नाही. भट्टीजवळ मात्र सिंथेटिक कपडे आणि ओढणी नको; सुती कपडे, बंद बूट, चष्मा आणि घट्ट बांधलेले केस, एवढे पहिल्या दिवसापासून असू द्यावे.