'निरंक' म्हणजे शून्य की नुसतं रिकामं?

प्रश्न : आरोग्य केंद्रांचे मासिक तक्ते मी पायथनने एक्सेलमध्ये काढतो. माहिती नसलेले सेल कोरे राहतात, ते बरं दिसत नाही. तिथे सरसकट 'निरंक' छापलं तर चालेल का?

उत्तर : सरसकट नको. 'निरंक'ची फोड निर् अधिक अंक, पण कचेरीत तो याहून बराच नेमका वापरला जातो. 'सर्पदंशाने मृत्यू : निरंक' असं केंद्राने कळवलं, म्हणजे नोंदी पाहिल्या आणि एकही मृत्यू आढळला नाही. सहीनिशी दिलेली ग्वाही आहे ती. 'नाही' हे तपासून सांगणारा शब्द म्हणून मला तो फार मोलाचा वाटतो. अहवालच आला नसेल, तर ही ग्वाही कोडने परस्पर देऊ नये. पांडाज् ही पायथनची लायब्ररी एक्सेलची फाइल लिहिताना हरवलेल्या सगळ्या किमतींच्या जागी एकच मजकूर घालते. तिथे 'निरंक' दिलंत, की न आलेला अहवाल आणि शून्य मृत्यू यांत फरकच उरत नाही.

तेव्हा किंमत का नाही, याचा वेगळा कॉलम आधीपासून ठेवा. अहवाल आला नाही तिथे 'उ.ना.' (उपलब्ध नाही), प्रसूतीची सोयच नसलेल्या केंद्रात प्रसूतींपुढे 'लागू नाही'. ब्रिटनच्या सरकारी आकडेवारीतही या दोन गोष्टींना चौकटी कंसात वेगवेगळ्या खुणा आहेत, [एक्स] आणि [झेड].

शंका : जिथे खरंच मृत्यू नाही, तिथे तरी 'निरंक' लिहायला हरकत नसावी. कागदावर शून्याआधी कुणीही १ घालू शकतो, म्हणून आमच्याकडे अक्षरीच लिहितात.

उत्तर : कागदावर ते रास्तच. एक्सेलमध्ये मात्र तो मजकूर ठरतो आणि सरासरीतून गळतो. तीन केंद्रांचे आकडे ४, ० आणि ८ असले तर सरासरी ४. शून्याच्या जागी 'निरंक' लिहा, तीच ६ होते, आणि एक्सेल कसलीही चूक दाखवत नाही.

म्हणून सेलमध्ये शून्यच लिहा आणि त्याला हा नंबर फॉरमॅट द्या :

0;-0;"निरंक"

पहिला भाग धन संख्येचा, दुसरा ऋण, तिसरा शून्याचा. छापून 'निरंक' येईल, सरासरी ४ च राहील. ओपनपायएक्सेल आणि एक्सएलएसएक्स-रायटर या एक्सेल फाइली लिहिणाऱ्या पायथनच्या लायब्रऱ्या, दोन्हींत हा फॉरमॅट देता येतो.