अ‍ॅम्बेसेडरला ड्रॅग रेसिंगसाठी मागे कोणते टायर आणि रिम घ्यावेत?

सदरची अ‍ॅम्बी:
नमस्कार मंडळी. माझ्याकडे इसुझूच्या १८१७ सीसी पेट्रोल इंजिनाची, पाच गिअरची अ‍ॅम्बेसेडर आहे. दोन साइड-ड्राफ्ट कार्बोरेटर बसवून वर्षभर ती ४०२ मीटरच्या सरळ धावेच्या शर्यतीसाठी (म्हणजेच ड्रॅग रेसिंगसाठी), निव्वळ हौसेखातर, तयार करीत आहे. डिसेंबरात परवानगी घेऊन भरवलेल्या एका स्पर्धेत धावपट्टीवर पहिल्यांदा उतरलो. एकूण १८.९ सेकंद लागले, त्यांपैकी ३.१ सेकंद पहिल्या ६० फुटांतच गेले, कारण क्लच सोडताच मागचे चाक जागच्या जागी फिरत राहिले.

मागे सध्या ५.९०-१५ चे जुने नायलॉन टायर आहेत. नागपूरच्या गांधीबागेतील एका दुकानदाराने १७ इंची अलॉय रिम आणि २२५/४५ चे (म्हणजे २२५ मिलिमीटर रुंद, भिंतीची उंची रुंदीच्या ४५ टक्के) टायर घेण्याचा आग्रह धरला आहे. मला १५ इंची रिमवर २०५/६० घ्यावेत असे वाटते. खर्च एकदाच करता येणार आहे, म्हणून अनुभवी मंडळींचे मत हवे आहे.

हिंगणा रोड:
दुकानदाराचे ऐकू नका. २२५/४५ आर १७ आणि २०५/६० आर १५ या दोन्ही टायरांचा व्यास जवळजवळ सारखाच, म्हणजे अनुक्रमे ६३४ आणि ६२७ मिलिमीटर आहे. फरक आहे तो टायरच्या भिंतीच्या उंचीत: पहिल्याची १०१ आणि दुसऱ्याची १२३ मिलिमीटर. गाडी सुटताना बसणारा झटका हीच भिंत दबून सोसते आणि हवा थोडी कमी केली की टायर जमिनीवर लांबीच्या दिशेने अधिक टेकतो. ठेंगण्या भिंतीच्या टायरमध्ये ही सोय फारशी उरत नाही. शिवाय १७ इंची अलॉय बहुधा जड असते, आणि फिरत्या वस्तूचे वजन हा इंजिनाला रोज भरावा लागणारा कर आहे.

जुन्या नायलॉन टायरपेक्षा व्यास कमी झाल्याचा फायदाही ध्यानात घ्या. टायरवर खडूची खूण करून गाडी एक पूर्ण फेरी ढकला आणि जमिनीवरचे अंतर मोजा. तुमच्या नायलॉन टायरचे ते २.०४ मीटरच्या आसपास भरावे, २०५/६० चे १.९१ भरेल. म्हणजे डिफरन्शिअलला (मागच्या दोन चाकांत ताकद वाटणाऱ्या गिअरपेटीला) हात न लावता सुमारे सात टक्के जास्त ओढ मिळेल. मात्र पूर्वी ज्या वेगाला ५,००० आरपीएम दिसत होते, त्याच वेगाला आता ५,३४० दिसतील. तेव्हा शेवटची रेषा कोणत्या गिअरमध्ये ओलांडता तेही तपासा.

कामठी रोड मेकॅनिक:
भाऊ, खरेदीपूर्वी एक सांगा. सुटलात तेव्हा धावपट्टीवर काळ्या रेघा दोन उमटल्या होत्या की एकच?

सदरची अ‍ॅम्बी:
एकच. मित्राने काढलेल्या फोटोत स्पष्ट दिसते. उजव्या चाकाची.

कामठी रोड मेकॅनिक:
मग निम्मे दुखणे टायरचे नाहीच. प्रॉपेलर शाफ्टच्या (इंजिनाची ताकद मागे नेणाऱ्या दांड्याच्या) पिळामुळे मागचा सलग अ‍ॅक्सल डाव्या चाकावर दाबला जातो आणि उजवे चाक हलके होते. डिफरन्शिअल साधे असल्याने हलके चाक फिरते आणि जड चाक बघत राहते. अशा गाडीला कितीही रुंद टायर घातले तरी काळी रेघ तेवढी रुंद होईल. लिमिटेड स्लिप, म्हणजे एकच चाक मोकळे फिरू न देणारे डिफरन्शिअल, मिळाले तर उत्तमच. ते जमेपर्यंत उजव्या कमानपाट्यात (पानांच्या स्प्रिंगमध्ये) एक पान वाढवून पाहा.

आता रिमविषयी. २०५/६० ला सहा इंच रुंदीची रिम योग्य असते. साडेपाचपासून साडेसातपर्यंत चालते. पाच नटांच्या चाकाची पीसीडी (स्टड ज्या वर्तुळावर बसतात त्याचा व्यास) काढण्यासाठी शेजारशेजारच्या दोन स्टडांच्या केंद्रांतील अंतर मोजून त्याला १.७ ने गुणा. मधले भोक हबवर नेमके बसते का आणि नटांची बैठक शंकूसारखी आहे की गोल, हेही दुकानातच पाहा. अ‍ॅम्बेसेडरचे मागचे मडगार्ड चाकावर बरेच खाली येते आणि आतल्या बाजूला कमानपाटे असतात. म्हणून गाडीचे वजन चाकांवर असताना दोन्हीकडची मोकळी जागा मोजा. हवा कमी केलेला टायर कुशीला फुगतो, त्याची तरतूद हवीच.

टायरच्या बाजूवरील चार आकडी कोड वाचल्याशिवाय पैसे देऊ नका. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. आपल्याकडच्या उन्हाळ्यात गोदामात पडून राहिलेले रबर नख रुतत नाही इतके कडक होते.

हिंगणा रोड:
कमानपाट्याचा मुद्दा माझ्या लक्षातच आला नव्हता. तो आधी करावा. हवेचे मात्र सांगतो: २८ पाउंडांपासून सुरुवात करून दोन-दोन पाउंड उतरवा, प्रत्येक वेळी ६० फुटांची वेळ लिहून ठेवा आणि साध्या रेडियलमध्ये २० च्या खाली जाऊ नका. सकाळी भरलेली हवा दुपारी तशीच राहत नाही, दर पाच-सहा अंशांमागे साधारण एक पाउंड चढते. सुटण्यापूर्वी चाक जागीच फिरवून टायर तापवणार असाल तर त्यासाठी केलेल्या पाण्याच्या डबक्यात न शिरता बाजूने जा, कारण नक्षीच्या टायरात पाणी अडकते आणि सुटण्याच्या जागी नेमके तेच गळते.

पुढे नायलॉन (जुन्या क्रॉस-प्लाय बांधणीचे) ठेवून मागे रेडियल घातले तर चालेल. उलटे कधीही करू नका, शेपूट सुटते.

सदरची अ‍ॅम्बी:
आज मोजले. खडूच्या खुणेचे अंतर २.०३ मीटर भरले. टायरपासून कमानपाट्यापर्यंत डावीकडे ३१ मिलिमीटर जागा आहे, उजवीकडे मात्र २४. म्हणजे अ‍ॅक्सलच थोडा सरकलेला दिसतो. अलॉयचा विचार सोडला आहे. आधी यू-बोल्ट आणि पाट्यांचे बुश पाहतो, टायर नंतर.