शिक्के मारण्यापलीकडचं काम

काहींना वाटतं की ऑस्ट्रेलियातल्या ॲबोरिजिनल लँड कौन्सिलचा, म्हणजे तिथल्या आदिवासींच्या जमिनीचे हक्क सांभाळणाऱ्या संस्थेचा, प्रादेशिक व्यवस्थापक म्हणजे बाहेरच्यांना त्या जमिनीवर येण्यासाठी लागणाऱ्या प्रवेश-परवान्यांवर शिक्के मारणारा माणूस. परवाने असतातच हो, पण ते त्यातलं सोपं काम. मध्य ऑस्ट्रेलियातल्या ॲलिस स्प्रिंग्ज शहराच्या सेंट्रल लँड कौन्सिलचंच घ्या. वस्त्यावस्त्यांतून निवडलेले ९० सदस्य आणि हद्द महाराष्ट्राच्या जवळपास अडीचपट! हा भाग नॉर्दर्न टेरिटरी या प्रांतात येतो; त्या प्रांतासाठीच्या १९७६ च्या आदिवासी जमीनहक्क कायद्याप्रमाणे जमीन भाडेपट्ट्याने द्यायची तर पारंपरिक मालकांना, म्हणजे परंपरेने ती जमीन ज्यांची आहे त्या आदिवासींना, बेत नीट कळलेला हवा आणि गट म्हणून त्यांचा होकार हवा. तो होकार व्यवस्थापकाने 'मिळवून द्यायचा' नसतो, हे नवख्यांना उमगायला वेळ लागतो.

म्हणून बैठकीच्या आदल्या दिवसापासून गाडीच्या फेऱ्या सुरू. लांबच्या वस्त्यांवरून म्हाताऱ्यांना आणा, दुभाषी गाठा, पाणी, जेवण, सावलीची सोय बघा, जमिनीवर नकाशा अंथरून कोपऱ्यांवर दगड ठेवा. एवढं करून वस्तीत मयत झाली की बैठक पुढे ढकला. कागदावर त्याला विलंब म्हणतात. माझ्या मते तिथलं खरं वेळापत्रक तेच. घाईघाईने घेतलेला होकार पुढे कोर्टात निस्तरण्यापेक्षा दोन महिने थांबलेलं बरं.