बायोफिल्मला मराठीत काय म्हणावं?

शब्दवेडी:
एक आरोग्यपुस्तिका मराठीत करतेय आणि 'बायोफिल्म'पाशी अडलेय. मसुद्यात शब्द तसाच ठेवला होता, तर वाचून पाहणाऱ्या मैत्रिणीने विचारलं, "हा कुणाच्या आयुष्यावरचा सिनेमा?" 'जैवपटल' वापरलेला दिसतो, पण पटल म्हटलं की मला दृष्टिपटल आठवतं, नाहीतर सभागृहाच्या पटलावर ठेवलेले कागद. अडलेलं वाक्य असं: 'कॅथेटरवर बायोफिल्म झाल्यास जीवाणूंमध्ये प्रतिरोध निर्माण होतो, अशा वेळी सूक्ष्मजीवनाशक पेप्टाइडं उपयोगी पडू शकतील.' (कॅथेटर म्हणजे शरीरात घालायची नळी, पेप्टाइडं म्हणजे अमिनो आम्लांच्या छोट्या साखळ्या.)

प्रयोगशाळेतला:
पटल म्हणजे नुसता पातळ पडदा, आणि बायोफिल्म हे तर बांधकाम आहे. फुलदाणीतलं पाणी बरेच दिवस बदललं नाही की आतून बोट फिरवून बघा. बोट सटकतं, आणि नखाने ओढलं तर लिबलिबीत पापुद्रा हाती येतो. त्यात जीवाणू असतात आणि त्यांनीच तयार केलेला चिकटा असतो: बहुशर्करा, प्रथिनं, पेशींबाहेर पडलेला डीएनए. म्हणून 'थर'सुद्धा मला पटत नाही. थर धुळीचाही बसतो.

शब्दवेडी:
मग किटण? दातांवरचं?

प्रयोगशाळेतला:
जवळ आलात. दातांवरचा मऊ चिकट लेप बायोफिल्मच असतो, पण किटण म्हणजे त्यात क्षार बसून तो टणक झाल्यानंतरचं. कॅथेटरमधलं किटण म्हटलं तर वाचक गंज समजेल. गंमत म्हणजे गोष्ट सुरू होते ती दातांपासूनच. सूक्ष्मदर्शकाखाली जीवाणू पाहणाऱ्या डच लेवेनहुकने १६८०च्या दशकात दातांवरची घाण सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. व्हिनेगरने चूळ भरल्यावर वरवरचे जीव मेले, आतले तसेच राहिले. व्हिनेगर आतपर्यंत पोचत नाही, हे त्याने तेव्हाच लिहून ठेवलं.

जुनं वळण:
'कोष' का नको? रेशमाचा किडा आपल्याच स्रावाचा धागा काढतो, कोष विणतो आणि आत राहतो. जीवाणूकोष!

प्रयोगशाळेतला:
सुंदर आहे, पण कोष एकट्याचा असतो. इथे हजारो जण एका छताखाली, तेही बरेचदा वेगवेगळ्या जातींचे. वाचकाला वाटेल, एकेका जीवाणूभोवती कवच आहे. मात्र तुमचा किडा चर्चेत वेगळ्याच दाराने येतो. १९८१ साली स्वीडनमध्ये हान्स बोमान यांच्या गटाने सिक्रोपिया या मोठ्या रेशीम-पतंगाच्या सुप्त कोशितांना जीवाणू टोचले आणि त्यांच्या रक्तद्रवातून जीवाणू मारणारी पेप्टाइडं वेगळी केली. पतंगावरून नाव पडलं सेक्रोपिन. पुढे १९८७ साली मायकेल झासलॉफ यांना बेडकाच्या कातडीत मॅगेनिन सापडलं. ते नाव हिब्रूतल्या ढालीवरून. आपल्याही शरीरात असंच एक पेप्टाइड आहे, एलएल-३७, म्हणजे ३७ अमिनो आम्लांची साखळी.

जुनं वळण:
पेप्टाइडला मराठी शब्द शोधू नका, तो घरचाच आहे. ग्रीक 'पेप्टोस' म्हणजे पचलेलं, आणि त्याचं मूळ व आपल्या 'पच्' धातूचं मूळ एकच. पेप्टाइड, पचन, पक्व ही चुलत भावंडं.

प्रयोगशाळेतला:
आणि नावातच दुखणं! शरीरातली प्रथिनं तोडणारी विकरं ही पेप्टाइडं खरोखरच पचवून टाकतात. औषध म्हणून त्यांची मोठी अडचण हीच. शिवाय मात्रा वाढली की आपल्याच पेशींना इजा होऊ शकते, आणि बनवायला ती महाग पडतात. मॅगेनिनपासून केलेलं पेक्सिगॅनन मधुमेहींच्या पायाच्या जखमांसाठी पुढे आलं होतं. १९९९ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने त्याला मंजुरी दिली नाही. तेव्हा तुमच्या वाक्यातलं 'शकतील' कुणी खोडू देऊ नका. फक्त सगळीच पेप्टाइडं भविष्यातली नाहीत. कोलिस्टिन हेही पेप्टाइडच, वापरात जुनं आहे आणि मूत्रपिंडांना त्रास देतं.

'नाशक'ऐवजी 'रोधी' करा. एलएल-३७ची मात्रा जीवाणू मारण्याइतकी नसली तरी प्रयोगशाळेत ते काही जीवाणूंना बायोफिल्म करू देत नाही. तिथे नाश नाही, नुसता अटकाव आहे.

खरी चूक 'प्रतिरोध' या शब्दात आहे. प्रतिरोध जनुकांत असतो, पुढच्या पिढीत जातो. बायोफिल्ममधला जीवाणू बाहेर काढून मोकळा वाढवला तर बरेचदा त्याच औषधाने मरतो. आत असताना औषध चिकट्यात अडकतं, खालच्या जीवाणूंना अन्न-प्राणवायू कमी मिळतो, ते मंदावतात. आणि बरीचशी प्रतिजैविकं वाढणाऱ्या पेशींवरच चालतात.

शब्दवेडी:
म्हणजे 'सहनशीलता'?

जुनं वळण:
सहनशीलता सोशिक सुनेची. इथे 'तग धरणं'.

प्रयोगशाळेतला:
मान्य! आणि औषध संपल्यावर पुन्हा वाढणाऱ्या मोजक्या सुप्त पेशींना आम्ही आपसात 'चिवट' म्हणतो.

शब्दवेडी:
बघा जमतंय का: 'कॅथेटरच्या आतल्या बाजूला जीवाणू चिकटतात आणि स्वतःभोवती बुळबुळीत आवरण उभारतात, याला बायोफिल्म म्हणतात. त्यात ते प्रतिजैविकांपुढे तग धरतात. सूक्ष्मजीवरोधी पेप्टाइडं इथे उपयोगी पडू शकतील.'

प्रयोगशाळेतला:
'स्वतःभोवती'ऐवजी 'सगळे मिळून'. नाहीतर कोष परत आला.