घर एकट्या स्त्रीच्या कमाईवर चालत असेल, तर मदत वस्तूंची करावी, कर्जाची की रोख पैशांची?

प्रश्न

नमस्कार. आमच्या कुटुंबाचा एक छोटा धर्मादाय न्यास आहे. ज्या घरांचा सगळा भार एकट्या स्त्रीवर आहे, मग ती विधवा असो, परित्यक्ता असो किंवा तिचा नवरा अंथरुणाला खिळलेला असो, अशा घरांना आम्ही गेली काही वर्षे शिलाई मशीन देत आलो आहोत. सोबत तीन महिन्यांचा शिवणवर्गही असतो. मध्यंतरी आम्ही जुन्या लाभार्थींच्या घरी जाऊन आलो. बऱ्याच घरांत मशीन झाकून ठेवलेले होते. एका ठिकाणी तर त्यावर मुलांची दप्तरे आणि औषधांच्या बाटल्या रचलेल्या होत्या. कोणी आम्हांला फसवले असे मुळीच वाटले नाही, पण घराची ओढाताण मात्र होती तशीच होती.

आता विश्वस्तांमध्ये दोन मते आहेत. काहींना बिनव्याजी कर्ज द्यावेसे वाटते, तर काहींना दरमहा ठरावीक रोख रक्कम. रोख रकमेची सवय लागेल, अशी भीतीही बोलून दाखवली जाते. ज्यांनी असे काम केले आहे किंवा अशा मदतीवर दिवस काढले आहेत, त्यांनी कृपया मोकळेपणाने लिहावे.

प्रतिसाद १

मी दुसऱ्या प्रकारात मोडते. वडील गेले तेव्हा मी अकरा वर्षांची होते. एका संस्थेने आईला मशीन दिले, त्याचा कार्यक्रम झाला, फोटो काढले गेले. आई सकाळी चार घरची कामे करायची आणि शिवणवर्गही नेमका सकाळीच असे. वर्गाला जावे तर त्या दिवसाची मजुरी बुडे, आणि गैरहजेरी वाढली तर मशीन परत जाईल असे सांगितलेले होते. तिने कसाबसा वर्ग पुरा केला. पण शिवायला बसायचे कधी? रात्री दहानंतर, डोळे मिटत असताना. गिऱ्हाईक मिळवायला हिंडावे लागते, उधारी वसूल करावी लागते, आणि घरात दुसरे मोठे माणूस नसेल तर यांपैकी काहीच जमत नाही.

पुढे धाकट्या भावाला रुग्णालयात ठेवावे लागले आणि आईने मशीन विकले. त्यानंतर जवळजवळ दोन वर्षे ती मशीनचे आवरण एका लाकडी खोक्यावर घालून ठेवत असे, कारण संस्थेचे कोणी पाहणीला आले तर दारातून मशीन दिसले पाहिजे. आपण झाकलेली मशीन पाहिलीत असे लिहिले आहे, म्हणून हे सांगावेसे वाटले. त्या काळात आमच्या घरात कष्टांची किंवा कौशल्याची कमतरता नव्हती. एका आजारपणाचा खर्च सोसेल एवढी शिल्लक नव्हती, आणि आईला श्वास घ्यायला वेळ नव्हता.

प्रतिसाद २

वरचा अनुभव वाचून फार अस्वस्थ झालो. मी उपजीविकेच्या कार्यक्रमांवर बरीच वर्षे काम केले आहे आणि माझे मत असे आहे की निवड ‘वस्तू की पैसा’ अशी मांडली की प्रश्नच चुकतो. बांगलादेशातील ‘ब्रॅक’ या स्वयंसेवी संस्थेने २००२ साली अतिगरीब कुटुंबांसाठी, मुख्यतः स्त्रियांसाठी, एक कार्यक्रम सुरू केला. त्यात गाय किंवा शेळ्यांसारखे उत्पन्नाचे साधन तर दिले जातेच, पण ते साधन कमवू लागेपर्यंत घर चालावे म्हणून काही काळ निर्वाहभत्ता मिळतो, बचतीची सोय होते आणि कार्यकर्ता सुमारे दोन वर्षे नियमितपणे घरी येत राहतो. याच धर्तीचे कार्यक्रम इथिओपिया, घाना, होंडुरास, भारत, पाकिस्तान आणि पेरू या सहा देशांत दहा हजारांहून अधिक कुटुंबांमध्ये तपासले गेले. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, कार्यक्रम संपून वर्ष उलटल्यावरही एकूण पाहता कुटुंबांचा खर्च, मालमत्ता आणि अन्नसुरक्षा यांत सुधारणा टिकून होती. होंडुरासमध्ये मात्र दिलेल्या कोंबड्यांपैकी बऱ्याच रोगाने मेल्या आणि तिथला हिशेब तोट्यात गेला. साधन कोणते देतो हे गौण नाही, एवढे त्यावरून कळते. आपल्या योजनेत निर्वाहभत्ता नव्हता आणि पुढची सोबतही नव्हती. माझ्या मते मशीन पडून राहण्याचे कारण तिथे आहे.

कर्जाबद्दल मी सावध राहीन. बोस्निया, मेक्सिको, मंगोलिया, मोरोक्को, इथिओपिया आणि भारत येथील सूक्ष्मकर्जांचे सहा अभ्यास २०१५ मध्येच एकत्र प्रसिद्ध झाले. कर्जामुळे घराचे उत्पन्न सरासरीने लक्षणीय वाढल्याचे त्यांत दिसले नाही. चालू धंदा वाढवू पाहणाऱ्या बाईला कर्ज उपयोगी पडू शकते. पण जिचा महिनाच पुरा पडत नाही, तिच्या डोक्यावर हप्ता ठेवणे, मग तो बिनव्याजी का असेना, मला पटत नाही.

प्रतिसाद ३

दुसऱ्या प्रतिसादाशी मी बऱ्याच अंशी सहमत आहे, पण दोन वर्षे घरोघर जाणारे कार्यकर्ते ठेवणे छोट्या न्यासाला झेपत नाही आणि निम्मा निधी पगारांतच जातो. मी विश्वस्त म्हणून काम केले आहे आणि माझा कल रोख रकमेकडे आहे. सवय लागण्याच्या भीतीबद्दल एवढेच सांगतो की केनियात ‘गिव्हडायरेक्टली’ या गरीब घरांना थेट रोख पैसे देणाऱ्या संस्थेने दिलेल्या विनाअट रकमेच्या अभ्यासात दारू-तंबाखूवरचा खर्च वाढलेला आढळला नाही. त्याच अभ्यासात दरमहा रक्कम मिळालेल्या घरांची अन्नाची ददात अधिक कमी झाली, तर एकरकमी पैसे मिळालेल्यांनी पत्र्याचे छप्पर किंवा घरातील टिकाऊ वस्तू अधिक घेतल्या. आपल्याला कोणती अडचण हलकी करायची आहे, हे आधी ठरवावे लागते.

अमेरिकेत मिसिसिपी राज्यातील जॅक्सन शहरात २०१८ मध्ये ‘मॅग्नोलिया मदर्स ट्रस्ट’ सुरू झाला. अनुदानित घरांत राहणाऱ्या, अत्यल्प उत्पन्नाच्या वीस कृष्णवर्णीय मातांना वर्षभर दरमहा एक हजार डॉलर, कोणतीही अट न घालता, देण्यात आले. वीसच कुटुंबे, पण पुरेशी रक्कम आणि निश्चित मुदत, ही मांडणी मला छोट्या न्यासासाठी योग्य वाटते. शंभर जणींना थोडेथोडे वाटून कोणाचेच भागत नाही.

एक गोष्ट मात्र आधी तपासा. आपल्या रकमेमुळे तिचे उत्पन्न कागदावर वाढून तिला मिळणारा सरकारी लाभ बंद होणार नाही ना? तसे झाले तर आपली मुदत संपल्यावर ती पूर्वीपेक्षा वाईट स्थितीत येईल. आणि नवरा सोडून गेला आहे याचा पुरावा मागू नका. विधवेजवळ मृत्यूचा दाखला असतो. टाकून दिलेल्या बाईजवळ दाखवायला काहीच नसते आणि नेमकी तीच यादीबाहेर राहते.

मूळ प्रश्नकर्ता

तिघांचेही मनापासून आभार. पहिला प्रतिसाद मी विश्वस्तांच्या बैठकीत वाचून दाखवणार आहे. यंदा नवी मशीन न घेता कमी कुटुंबे निवडून वर्षभर दरमहा रक्कम द्यावी, आणि ज्यांना खरोखर शिवणकाम करायचे आहे त्यांच्यासाठी वर्गाची वेळ त्यांनाच ठरवू द्यावी, असा प्रस्ताव ठेवतो. जुन्या लाभार्थींनाही लेखी कळवू की मशीन त्यांच्या मालकीचे आहे, ते विकले असले तरी आमची हरकत नाही आणि यापुढे पाहणीला कोणी येणार नाही.

प्रतिसाद १

पत्र पाठवालच, पण शक्य असेल तर कोणी प्रत्यक्ष जाऊन सांगा. माझ्या आईला वाचता येत नव्हते, आणि संस्थेचे पत्र आले की ती आधी घाबरत असे.